आप्पांचं ‘बरं बरं’

आप्पांच्या अंगावरून वारं गेलं त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं, आज बसलेय.

सकाळी सहाच्या चहाला त्यांच्या हातातून कपबशी सुटली, आई आधी करवादली की नवीन सेट होता, मग बघते तर उजवा हात लोंबतोय, तोंड डावीकडे ओढलं गेलंय आणि काहीतरी सांगायची धडपड चाललीय पण बाहेर पडतंय फक्त "बरं". आईला वाटलं पित्त चढलं, तिने झोपवलं. शेजारचे काका येऊन तेल चोळा म्हणाले, अजून एकाने पारव्याचं रक्त लावायला सांगितलं (हो, दोन वर्षांपूर्वीचीच गोष्ट आहे ही). दादा मळ्यातून येईपर्यंत अकरा वाजून गेलेले आणि साताऱ्यात पोचेस्तोवर दुपार. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटते, की तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी तेलाची बाटली शोधू नका, गाडी काढा.

दुसऱ्या दिवशी स्कॅन झालं आणि दादाचं डोकं सटकलं. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला. आप्पांचा गेलाय उजवा हात. त्यात फिल्म उजेडाकडे धरून बघितली तर काळसर डाग दिसतोय उजवीकडे! दादा थेट म्हणाला, दुसऱ्या कोणाचा तरी रिपोर्ट आलाय आपल्याकडे. तिथे एक तरुण डॉक्टर होती, वयाने आमच्या धाकटीएवढी असेल, तिने न चिडता एका कोऱ्या केसपेपरच्या मागे चित्र काढून दिलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फिल्म बघायची ती पेशंट आपल्यासमोर पाय आपल्याकडे करून झोपलाय असं समजून, म्हणजे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. एक कोडं तिथेच सुटलं. दुसरं खरं मजेशीर. मोठा मेंदू म्हणजे अक्रोडासारखे दोन अर्धे. हातपाय हलवायचा हुकूम तिथून खाली निघतो, मानेच्या वर मस्तिष्कपुच्छापाशी, म्हणजे मेंदूच्या खालच्या टोकाशी येतो आणि तिथे बहुतेक सगळे तंतू सरळ बाजू बदलतात, डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. मग मज्जारज्जूतून खाली. हा मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, लांबी साधारण ४५ सेंटीमीटर, कंबरेच्या वरच संपतो, मला वाटायचं पार माकडहाडापर्यंत जात असेल. त्यातून नसांच्या ३१ जोड्या फुटतात, आणि डोळे, कान, जीभ, चेहरा वगैरेंसाठी मेंदूतूनच थेट १२ जोड्या. शाळेत हे आकडे पाठ केलेले, मार्कपण मिळालेले, पण हा सगळा रस्ता आहे हे डोक्यात शिरलं नव्हतं.

दादा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मोटर चांगलीय, वायर चांगलीय, डीपी जळालीय." डॉक्टर हसली, म्हणाली एकदम बरोबर. मी इतके लेख वाचले त्यानंतर, याच्याइतकं सोपं कोणी सांगितलेलं नाही.

आपल्या भाषेत एक घोटाळा आहेच म्हणा. आपण रक्ताच्या नळीलाही नस म्हणतो आणि संदेश नेणाऱ्या चेतातंतूलाही नसच. आई सगळ्यांना सांगायची "त्यांची हाताची नस गेली". गेली ती रक्ताची नळी, तीही डोक्यातली, गुठळीने बंद झालेली. हातातल्या नसा जागच्या जागी होत्या, वरून काही येतच नव्हतं तर त्या बिचाऱ्या काय करणार. मेंदूचं वजन जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम, शरीराच्या २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली खातो २० टक्के, आणि साठवून ठेवायची सोय जवळपास नाही, रक्त थांबलं की मिनिटांत पेशी मरायला लागतात.

अजून एक. डॉक्टरने आप्पांना भुवया वर करायला लावल्या, दोन्ही वर गेल्या, कपाळाला नीट आठ्या. तोंड वाकडं पण कपाळ शाबूत, कारण कपाळाला दोन्ही अर्ध्यांकडून लाईन येते. चेहऱ्याचीच नस सुजली असती तर त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत झालं असतं. आम्ही सगळे घरी येऊन आरशासमोर भुवया उडवत बसलेलो.

पण मला सांगायचंय ते "बरं"बद्दल.

पाय महिन्याभरात काठीवर आला. बोलणं नाही आलं. समजायचं बहुतेक सगळं, वीजबिल आलं का विचारलं की मान हलवायचे, पण तोंडातून एकच शब्द, बरं. आणि मराठीत बरं म्हणजे काय हो, अख्खा संसार चालतो त्यावर. बरं? म्हणजे काय झालं. बरंऽऽ म्हणजे बघू. बरं बरं म्हणजे पुरे आता. बरं! म्हणजे राग आलाय. चढउतार, ताल, सगळा जुना आप्पांचा, फक्त शब्द हरवलेले. पहिल्या आठवड्यात मावशी फोनवर दहा मिनिटं बोलली आणि नंतर आईला म्हणाली, चांगले बोलतायत की!

मग वाचताना कळलं की असाच एक माणूस पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात होता, लबोर्न्य त्याचं नाव, २१ वर्षं त्याला बोलताच येत नव्हतं, फक्त "तां तां", म्हणून सगळे त्याला तां म्हणायचे. चढउतार त्याच्याही बोलण्यात होते. फार चिडला की मात्र एक शिवी स्वच्छ यायची. १८६१ मध्ये तो ५१ व्या वर्षी गेला आणि पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला कपाळामागचा भाग खराब झालेला. त्या जागेला आजही ब्रोकाचंच नाव आहे. पुढे १८७४ मध्ये व्हेर्निके नावाच्या डॉक्टरने कानामागची दुसरी जागा दाखवली, ती गेली की उलटंच होतं, माणूस घडाघडा बोलतो पण त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचंही नीट कळत नाही. आमच्या शेजारच्या कॉटवर असे एक आजोबा होते, घरचे म्हणत होते वेड लागलं. वेड नव्हतं ते.

पुढच्या वर्षीचे गणपती. घरात आरती सुरू झाली, आप्पा खुर्चीत, डाव्या हाताने मांडीवर ताल धरलेला, आणि दुसऱ्या ओळीपासून आवाज यायला लागला. शब्द. सगळे शब्द, जड जिभेने पण बरोबर. आई टाळ वाजवायची थांबली. आरती संपल्यावर दादाने घाईने विचारलं, आप्पा पाणी देऊ? तर, "बरं".

थेरपीवाल्या मॅडमना सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. पाठ असलेलं, चालीतलं, शिव्या, एक ते दहा आकडे, हे बरेचदा वाचतं, कारण त्यात उजव्या अर्ध्याचाही वाटा असतो. १९७३ च्या सुमारास बोस्टनमध्ये यावरच उपचाराची पद्धत बसवली, वाक्य चालीत म्हणायचं आणि डाव्या हाताने ठेका द्यायचा. नेमका गुण चालीचा की ठेक्याचा की पाठांतराचा, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. असू देत. आम्ही रोज वीस मिनिटं करतो. "पा-णी द्या", "च-हा द्या", पहिलं अक्षर खालच्या सुरात, दुसरं वरच्या.

आता तीस-चाळीस शब्द झालेत. चालीशिवाय येणारे त्यातले सात, मी मोजलेत. चहा त्यात आहे. माझं नाव अजून चालीतच येतं, आणि मी फोन उचलला की पलीकडून आधी मांडीवर थापटल्याचा आवाज येतो.