सुई हलली तेव्हा

रविवार, रात्री साडेदहा

आज एकदाची देवाचे गोठणे गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, तिथलं कातळचित्र बघून आले. गणपती गेल्यापासून मनात होतं. राजापुरातूनच उशिरा निघालो, त्यामुळे चित्रापाशी पोचेस्तोवर उन्हं कलली होती. सगळा सडा सीतेच्या आसवांच्या इवल्या फुलांनी जांभळा झालेला. पाऊल कुठे टाकावं तेच कळेना.

कातळात कोरलेला माणूस. कोरीव रेघेत पावसाचं पाणी साठलं होतं. मी बोट घातलं तर पाणी कोमट आणि तळाशी गुळगुळीत शेवाळ. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच रेघेवर दगडाने ठोकत बसला असेल. कोण, कशासाठी, कुणालाच सांगता येत नाही. कोकणातल्या या कातळचित्रांत हत्ती आहेत, मासे आहेत, आज इथे औषधालाही न सापडणारा गेंडा आहे, पण शेतीचं चित्र मिळत नाही. म्हणून ती शिकार करून जगणाऱ्या माणसांची असावीत, असं अभ्यासक म्हणतात. माणसं गेली, भाषा गेली, चित्रं तेवढी राहिली. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली याचा मला मनापासून आनंद आहे. बांधकामाचा दगड काढणाऱ्या चिरेखाणीत किती गेली असतील, हा विचार मात्र पाठ सोडत नाही.

भाच्याचं होकायंत्र बरोबर घेतलं होतं. इथे दिशा चुकते हे वाचलेलं होतं, जांभ्यात लोह असतं हेही शाळेपासून माहीत. तरी चित्राच्या कडेने ते सरकवत नेलं आणि सुई थरथरून बाजूला वळली, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. समोर सूर्य बुडतोय, पश्चिम कुठे ते डोळ्यांना दिसतंय, आणि हातातली सुई भलतंच सांगतेय.

आजी आठवली. "बाय, तिन्हीसांजेला सड्यावर थांबू नये, चकवा लागतो." आजोबांना एकदा लागला होता म्हणे. रात्रभर चालले आणि उजाडलं तेव्हा निघाले त्याच गडग्यापाशी उभे. चकवा लागला की आहे तिथेच बसायचं, उजाडेपर्यंत उठायचं नाही, असं ती बजावायची. ही गोष्ट ऐकताना मी तिच्या लुगड्यात तोंड खुपसायचे आणि संपली की म्हणायचे, पुन्हा सांग. भीती वाटायची म्हणूनच पुन्हा हवी असायची. त्या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करताच आल्या नाहीत. ज्याने हा माणूस कोरला त्यालाही अंधार पडताना असंच काही होत असेल का? मला वाटतं, होत असणार. नाहीतर एवढ्या कठीण दगडाशी कोण झगडेल?

दादा गाडीतून हाका मारत होता. निघायला हवं होतं, पाय निघेनात. मग अंधारलं तशी अक्षरशः धावत सुटले, आणि गाडीपाशी पोचल्यावर पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

मघाशी घरी ओटीवर तेच होकायंत्र ठेवलं. सुई सरळ गोठ्याच्या दिशेला, उत्तरेला. उचलून पुन्हा ठेवलं, मग खिडकीपाशी नेलं. तिथेच. जराही हलली नाही. वाईट वाटलं मला.