एक इंजिन बंद पडल्यावर

इंजिन बंद पडल्याची भीती केव्हाच ओसरली. मात्र त्यानंतर अरबी समुद्रावर घिरट्या घालताना आम्हाला कोणीही धड काही सांगितले नाही, याचा राग अजून गेलेला नाही. सोलापुरी टॉवेलचे नमुने घेऊन मी लंडनमार्गे फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला निघालो होतो. मुंबई सोडताच उजवीकडून दणके बसले आणि ‘एक इंजिन बंद केले आहे, आपण परतत आहोत,’ एवढेच सांगून कॅप्टन गप्प झाले.

परतायचे म्हटल्यावर विमान लगेच उतरेल, असे सर्वांनी गृहीत धरले. समोरच्या पडद्यावरील नकाशात मात्र ते समुद्रावर लांबट वेढे गिरवत होते आणि पंखाच्या टोकाकडून पांढरी धार सुटली होती. तो धूर समजून मागे कोणीतरी रडू लागले; प्रत्यक्षात ते इंधन होते. आमच्यासारखे दोन इंजिनांचे बोइंग ७७७-३००ईआर सुमारे ३५१ टन वजनापर्यंत उडू शकते, पण उतरण्याची मर्यादा सुमारे २५१ टन असल्याने लांब पल्ल्यासाठी भरलेले इंधन हवेत सोडावे लागते. आग लागली असती, तर जड विमानही तसेच उतरवले असते. म्हणजे त्या घिरट्या परिस्थिती आटोक्यात असल्याचेच लक्षण होत्या. एवढे एक वाक्य सांगायला काय हरकत होती?

शेजारी सोलापूरचेच एक यंत्रमाग कारखानदार होते. “मालक, एका इंजिनावर उडतंय की, मग पुढंच न्यायचं ना,” हा त्यांचा धोशा होता. त्यांनी दिलेला दाखला खरा होता: फेब्रुवारी २००५ मध्ये लॉस एंजेलिसहून उडताच एक इंजिन गमावलेले ब्रिटिश एअरवेजचे चार इंजिनांचे बोइंग ७४७ उरलेल्या तिघांवर लंडनकडे गेले होते. परंतु इंधनाच्या काळजीने ते मँचेस्टरलाच उतरले, हे त्यांनी सांगितले नाही. दोन इंजिनांच्या विमानातील एक गेले, की वेळेच्या हिशेबाने सर्वांत जवळच्या योग्य विमानतळावर उतरावेच लागते. दोन इंजिनांच्या विमानांसाठीच्या ‘एटॉप्स’ या नियमातील १८० मिनिटे ही मार्ग आखताना अशा विमानतळापासून किती दूर जाता येईल याची मर्यादा आहे, तेवढा वेळ पुढे रेटण्याची ती सवलत नव्हे.

नमुने आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत, कारण मुंबईत परत उतरल्यावर आमचे सामान पहाटेपर्यंत मिळाले नाही. विमान कंपनीचा काउंटर सोडण्यापूर्वी विम्याच्या दाव्यासाठी विलंबाचे कारण लेखी घ्यावे. तिथे ‘तांत्रिक कारण’ एवढेच लिहून देत होते. ‘इंजिन बंद’ हे शब्द घालून घेतल्यावरच मी तिथून हललो.