चौकटची अठ्ठी

माईचं कपाट भंगारात द्यायचं ठरलं, म्हणून परवा दुपारी खणांतले वर्तमानपत्राचे कागद काढत बसले होते. सगळ्यात खालच्या कागदाखाली चौकटची अठ्ठी निघाली. करकरीत.

ही अठ्ठी आमच्या घरात कायम बेपत्ता. मे महिन्यात गिरगावातल्या चाळीत आम्ही सात नातवंडं जमायचो. जेवणं उरकली की माई ओले हात पदराला पुसत चटई टाकायची. बदाम सात, डाव चाराण्याचा. "फुकट खेळायला मी काय वेडी आहे?" हरवलेल्या अठ्ठीच्या जागी मामाच्या लग्नपत्रिकेचा तुकडा होता. पुढून माईनेच लाल पेनने काढलेल्या आठ वेड्यावाकड्या चौकटी, पाठीवर छापील 'कृपेकरून'.

तिच्याइतकी खेळकर बाई मी दुसरी पाहिली नाही. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम सुटली, तेव्हा ही बया स्टोव्हवरची आमटी उतरवून, सहा वर्षांच्या माझ्या आईला घेऊन बोरीबंदरला गेली. आजोबा घरी आले तर दाराला कुलूप. शेजारी निरोप होता, "ट्रामला पोचवून येते." आजोबा आठवडाभर बोलले नाहीत म्हणे. तिला ते कळलं की नाही, शंकाच आहे.

आम्हांला ती डबलडेकरने फिरवायची. वर, पहिल्या बाकावर. झाडाची फांदी खिडकीवर घासली की आमच्याआधी तीच किंचाळायची. त्या जुन्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या. तोवर माईला जाऊन पाच वर्षं झाली होती. नाहीतर त्यांनाही पोचवून आली असती.

तर अठ्ठी. माई पत्त्यांत हरल्याचं कुणालाच आठवत नाही. "मेल्या, दाबून काय बसलायस, टाक ती!" असं ती बरोब्बर ज्याच्याकडे अठ्ठी असेल त्यालाच म्हणायची. तिला तोंडावरून कळतं, अशी आमची श्रद्धा. पाठीवरचं 'कृपेकरून' खरं तर सगळ्यांनाच दिसत होतं, पण आम्ही आपापल्या पानांत तोंड खुपसलेलं.

मामेभावाला फोटो पाठवला. लगेच फोन.

"कुठे होती?"

"तिच्याच कपाटात. कागदाखाली."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "माझे निदान चाळीस चाराणे गेलेत."

चाराणे २०११ सालीच चलनातून बाद झालेत, हे मी त्याला सांगितलं नाही.