बेल वाजवू नये

वरच्या मजल्यावरच्या दारावर चिठ्ठी लावली आहे. ‘बाळ झोपलंय. बेल वाजवू नये. कडीही नको.’ परवा दुपारी सोसायटीची पावती द्यायला गेलो आणि त्या ‘कडीही नको’पाशी अडकलो. मग माणसाने करायचं काय? खोकायचं?

आम्ही नाशिकरोडचे. देवळालीला तोपखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. तेव्हा हे बाळ ढिम्म हलत नाही म्हणे. आजोबांनी वेफर्सचं पाकीट उघडलं की मात्र टक्क जागं.

नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं असं डॉक्टर सांगतात, आणि हे ऐकून घरोघरच्या आयांना हसावं की रडावं कळत नाही. झोपतं खरं, पण तुकड्यातुकड्यांनी. पहिले दोन-तीन महिने तर दिवस कुठला नि रात्र कुठली, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून दिवसा घरात भरपूर उजेड ठेवायचा, रात्री दिवे मंद. रोज तेच, त्याच क्रमाने: अंग पुसणं, दूध, एखादं गाणं. मग डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी त्याला सपाट गादीवर उताणं ठेवायचं. उशी नको, दुलई नको. रात्री मध्येच जाग आली तर हळूहळू त्याचं त्याला पुन्हा झोपता येतं.

ऐकायला सोपं आहे. माझा मुलगा तान्हा असताना तो मांडीवरच झोपे. त्याला खाली ठेवायचं म्हणजे आधी बूड, मग पाठ, मग डोकं, आणि सगळ्यात शेवटी आपला हात, एकेक बोट करत. श्वास रोखून हात सुटे. पोरगं झोपलेलंच. मी उठायला जाई आणि माझा उजवा गुडघा कट्कन वाजे. त्या गुडघ्यावर माझा अजून राग आहे. आता तो दुखतो, तर मला फारसं वाईट वाटत नाही.

मामांचा वाडा जुन्या नाशकात, तांबट लेनजवळ. दिवसभर हातोड्यांची ठणठण. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून. तिथे मामीने तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती खाली बसून तांदूळ निवडायची. पाय आपला हलतोय, सुपातले खडे बाजूला पडतायत, नजर वर जातच नाही. कधीतरी ती दोरी मला मिळे. मी दोन मिनिटांत कंटाळून थांबलो की झोळीतून एक हुंकार यायचा, तंबीच दिल्यासारखा. ठणठणीचं त्या पोरीला काही नव्हतं. तांबटांची सुट्टी असली आणि आळी गप्प झाली, की मात्र तिला झोप लागत नसे. मग मामी स्वतःच पितळी डबा आपटत बसायची.

वरच्या आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तेच म्हणते मी. पण सूनबाईला पटवणार कोण?’ ओव्याची धुरी त्यांनी सुचवून पाहिली होती. डॉक्टरांनी धूर अजिबात नको म्हणून बजावलं. ते बरोबरच आहे, पण आजी अजून रुसलेल्या आहेत.

आता बाळ रात्रभर झोपायला लागलंय. सूनबाई म्हणते, रोजचा क्रम पाळला म्हणून. मुलगा म्हणतो, जाड पडदे लावले म्हणून. आजी म्हणतात, त्यांनी दृष्ट काढली म्हणून. मला विचाराल तर सहा महिन्यांचं झालं, झोपायला लागलं. पण हे बोलून तीन माणसांशी वाकडं कोण घेणार? पावती मी दाराखालून सरकवली.