वस्तीतल्या ताईंची पोलीस पडताळणी: माझा अनुभव

मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की माझा पडताळणीलाच विरोध आहे. माझा राग आहे तो पोलीस ठाण्यातल्या एका टेबलावर. त्या टेबलावर आमच्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात भरवशाच्या ताईंचा कागद अडकला आणि पावसाळा सरला तरी हलला नाही.

पुण्यातल्या एका वस्तीत आमचं संध्याकाळचं केंद्र आहे. महापालिकेच्या समाजमंदिरात आठवी ते बारावीची मुलंमुली येतात. अभ्यास, कबड्डी, कॅरम आणि शनिवारी मुलींचा वेगळा गट. केंद्र चालवणारी माणसं वस्तीतलीच. एक दादा दिवसा रिक्षा चालवतो. दोन मुली याच केंद्रात शिकल्या, आता कॉलेज करून धाकट्यांना गणित शिकवतात. आणि ताई. सकाळी चार घरी पोळ्या करतात आणि संध्याकाळी पाच वाजता केंद्राचं कुलूप उघडतात. कुठला मुलगा शाळेच्या नावाखाली नाक्यावर उभा असतो, कुठल्या मुलीचं लग्न घरात ठरत चाललंय, हे शाळेच्या आधी ताईंना कळतं. शाळा सुटलेल्या मुलांना हाताला धरून बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला त्याच घेऊन जातात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला, सफाई कर्मचाऱ्याला अटक झाली, लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीने कळवलं की ज्यांच्याकडे पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र नाही त्यांनी मुलांसोबत बसायचं नाही, आणि त्यांचं मानधनही निधीत दाखवायचं नाही. पहिली अट मला पूर्ण मान्य होती. नियम नवाही नव्हता. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणारा पोक्सो कायदा २०१२ चा आणि त्याखालचे नियम २०२० चे. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, मुलांशी नेहमी संबंध येणारी कुठलीही संस्था असो, शिकवणारे आणि न शिकवणारे, कायम आणि कंत्राटी, सगळ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची, असं त्या नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे समाजमंदिर झाडणारे काकाही त्यात आले. त्यांचा अर्ज बरेच जण विसरतात.

बाकीच्यांचं सरळ झालं. अर्ज ऑनलाइन, प्रत्येकाने आपापल्या नावाने भरायचा. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, ठरलेल्या मापात फोटो आणि सही, शिवाय लेटरहेडवर संस्थेचं पत्र. पत्रात पद, कामाची जागा आणि ‘मुलांसोबत काम’ हे कारण सरळ शब्दांत लिहा. मग पोलीस ठाण्यातून फोन येतो, मूळ कागद घेऊन जायचं, अहवाल वर जातो आणि प्रमाणपत्र डाउनलोड होतं. एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. अर्जात मोबाइल नंबर अर्जदाराचाच हवा. सायबर कॅफेवाले घाईत स्वतःचा टाकतात, मग ठाण्याचा फोन त्यांना जातो आणि आपण वाट बघत बसतो.

ताईंचं आधार कार्ड जुन्या पत्त्याचं होतं. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा ताई दांडेकर पुलाजवळ राहत होत्या. त्या कामावर असताना पाणी घरात शिरलं. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, बिलांची पिशवी, सगळं वाहून गेलं. आधार पाकिटात सोबत होतं म्हणून वाचलं. पुढे त्या आमच्या वस्तीत भाड्याने राहायला आल्या.

अर्जातला पत्ता पुराव्याशी जुळावा लागतो, म्हणून पहिला अर्ज जुन्याच पत्त्याने गेला. तिकडच्या ठाण्याने चौकशी केली आणि ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत’ असा अहवाल दिला. त्यांना मी दोष देणार नाही, खरं तेच लिहिलं. अर्ज निकाली निघाला. दुसरा अर्ज सध्याच्या पत्त्याने केला. त्याला संस्थेचं पत्र आणि ताईंना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची लेखी हमी जोडली. तो आला आमच्या हद्दीतल्या ठाण्यात, त्या टेबलावर.

“इथला पुरावा आणा,” एवढंच उत्तर.

भाडेकरार नाही. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. बँकेचं खातं आधारवरून उघडलेलं, म्हणून पासबुकावर जुनाच पत्ता. गॅस म्हणजे दुकानातून भरून आणलेला छोटा सिलिंडर, त्याला कसलं कार्ड? रेशनकार्डाची दुसरी प्रत काढावी तर तिथेही आधी राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. प्रत्येक कचेरीला दुसऱ्या कचेरीचा कागद हवा होता आणि पहिला कागद कुणीच देत नव्हतं.

घरमालकाकडे मी स्वतः गेले. माणूस वाईट नाही. म्हणाला, “मॅडम, ताईंशी माझं काही वाकडं नाही. पण उद्या पुनर्वसनाचा सर्व्हे आला आणि त्यांच्याकडे माझ्या घराचा कागद निघाला, तर मी कुठे जाऊ?” वस्तीत काम करणाऱ्यांना ही भीती ओळखीची आहे. १ जानेवारी २००० च्या आधीच्या झोपडीला पुनर्वसनात मोफत घर, त्यानंतरच्या २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून. फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, जुनी बिलं, मतदार यादीतलं नाव, हे कागद म्हणजे त्या माणसाची आयुष्याची कमाई. त्यात भाडेकरूच्या नावाचा कागद त्याला नकोच असतो. भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची, असा कायदा आहे. तो मी त्याला सांगून पाहिला. त्यापुढे ताणलं असतं तर ताईंना खोली सोडावी लागली असती. मी तिथेच थांबले.

मग टेबलावरून सांगण्यात आलं, “नगरसेवकाचा दाखला आणा.” पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली. तेव्हापासून प्रशासक. अख्ख्या शहरात एकही नगरसेवक नव्हता आणि ठाण्यात बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मी तसं म्हटलं. “मग माजी नगरसेवकाचा आणा.” आणला. “माजीचा चालत नाही.” हे त्याच माणसाने, त्याच खुर्चीत बसून सांगितलं.

सेवा नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, हे लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये आहे. मी लेखी मागितलं. “मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका, पुरावा आणा.” तेव्हापासून मी प्रत्येक भेटीनंतर अर्ज क्रमांक घालून एक साधं पत्र आवक विभागात देऊ लागले आणि पोच घेऊ लागले. आज कुठला कागद दिला, काय उत्तर मिळालं, एवढंच त्या पत्रात. हे पहिल्या दिवसापासून करा. पोच दाखवली की पुढचा माणूस उभं राहून ऐकतो, एरवी ऐकत नाही.

ताईंना मोकळा वेळ दुपारी दोन ते चार. त्या वेळेत टेबलावर माणूस भेटेलच असं नाही. आधी पालखीचा बंदोबस्त, मग मोहरम, मग गणपती. बंदोबस्त गरजेचा आहे, पोलिसांवर ताण आहे, हे मला दिसतं. पण निघताना पुढची तारीख सांगायला कितीसा वेळ लागतो? ताईंचा एका घरचा अर्धा पगार त्या दुपारींमुळे कापला गेला.

सगळ्यात जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. बाकावर वस्तीतले ओळखीचे लोक बसलेले असताना त्या माणसाने मोठ्याने विचारलं, “बाई, काही केस आहे का तुमच्यावर? मग एवढं अडतंय कशाला?” ताई काही बोलल्या नाहीत. याच ठाण्यात त्या एका मुलीच्या तक्रारीसाठी रात्री उशिरापर्यंत बसल्या होत्या. मुलाबाबत असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पण वस्तीत राहून, त्याच गल्लीतल्या माणसाविरुद्ध उभं राहणं काय असतं ते ताईंना विचारा. त्यांनी ते केलं. आणि आता त्यांनाच हा प्रश्न, भर बाकावर. मी त्या माणसाला तिथल्या तिथे सांगितलं की ताईंना आदराने बोला. मी ते बोलले याचं मला आजही समाधान आहे.

तोवर इकडे केंद्रात अट पाळायची होती आणि आम्ही ती पाळली. ताई कुलूप उघडून, पाणी भरून, मुलं यायच्या आत निघून जायच्या. पालकांच्या बैठका त्यांनी घेतल्या, दुपारी वह्या-पुस्तकांचा हिशेब लिहिला. शनिवारचा मुलींचा गट मी चालवून पाहिला. मुली आल्या, बसल्या, पण ताईंजवळ बोलतात तसं माझ्याजवळ बोलल्या नाहीत. दोघी यायच्या बंदच झाल्या. त्यातल्या एकीच्या घरी लग्नाची बोलणी सुरू असल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं. ताई असत्या तर पहिल्याच शनिवारी कळलं असतं.

वाट सापडली ती टपाल कार्यालयातल्या आधार केंद्रावर. तिथल्या मुलीने ताईंचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की पत्ता बदलण्यासाठी आधार प्राधिकरणाचा एक ठरलेला छापील नमुना आहे. त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक, तहसीलदार किंवा गट ‘अ’ राजपत्रित अधिकारी सही करू शकतात. नमुन्यावर अर्जदाराचा फोटो लावायचा, फोटोवर अर्धी येईल अशी सही आणि शिक्का घ्यायचा. दाखला तारखेपासून तीन महिने चालतो. आमदारांच्या कार्यालयात गेलात तर ते सवयीने आपल्या लेटरहेडवर रहिवासी दाखला देतील. तो आधार केंद्रावर घेत नाहीत. नमुना स्वतः छापून, भरून, फोटो चिकटवून न्या आणि त्याच कागदावर सही मागा. आमच्या ताईंना ती एका सकाळी मिळाली. आधारची फी तेव्हा ५० रुपये होती. आता जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाल्याने नगरसेवकाची सहीही पुन्हा मिळू शकते.

नवा पत्ता असलेलं आधार हातात आल्यावर तिसरा अर्ज केला. ज्या कागदावाचून इतकं अडलं होतं, तो त्या टेबलावर मिनिटभरही कुणी पाहिला नाही. शिक्का बसला, अहवाल वर गेला, प्रमाणपत्र आलं. मी ते छापून ताईंच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “मग आज वर्ग घेऊ ना?” त्या संध्याकाळी समाजमंदिरात इतका गोंधळ झाला की शेजारच्या काकूंनी येऊन खिडकी लावून घेतली. मला मात्र फार बरं वाटलं.

दोन गोष्टी राहिल्या. घरच्यांसोबत राहणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या आधारवर मामाच्या किंवा गावच्या घरचा पत्ता असतो. त्यांना कुणाच्या सहीची गरज नाही. कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता ऑनलाइन बदलता येतो, २०२३ पासून ही सोय आहे. रेशनकार्डासारखा नात्याचा पुरावा लागतो आणि वडिलांनी किंवा आईने ३० दिवसांच्या आत आपल्या आधारवरून संमती द्यावी लागते. आमच्या कॉलेजच्या एका मुलीचं असंच झालं.

दुसरं, जुना गुन्हा असेल तर लपवू नका. रिक्षावाल्या दादावर विशीत मंडळांच्या भांडणातला एक गुन्हा होता, कोर्टाने त्याला निर्दोष सोडलेलं. सीसीटीएनएस या पोलिसांच्या गुन्हे नोंदींच्या संगणक प्रणालीत नोंद दिसतेच. त्याने निकालाची प्रमाणित नक्कल अर्जासोबत लावली आणि त्याचं प्रमाणपत्र ताईंच्या आधी आलं.

ताईंचं त्या महिन्यांचं मानधन कंपनीने अजून दिलेलं नाही. प्रमाणपत्राच्या तारखेआधीचा खर्च धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बैठका, हिशेब, कुलूपकिल्ली, यातलं कुठलंच काम मुलांसमोरचं नव्हतं, आणि ते ताईंनी रोज केलं. मी कामाच्या नोंदी आणि ठाण्यातल्या पत्रांच्या पोचपावत्या जोडून मागणी पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला पाठवणार आहे. तुम्ही निधीचा करार करत असाल तर पडताळणी चालू असतानाच्या काळातलं वर्गाबाहेरच्या कामाचं मानधन ही वेगळी ओळ अंदाजपत्रकात आधीच मागून घ्या. आमच्या या वर्षीच्या करारात ती आहे.