हाताला कळणारं कॅबिनेट

माझ्याकडे संगणकाचं कॅबिनेट, म्हणजे त्याची बाहेरची पेटी, बनवून घ्यायला येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. कोणाला मोठी काच हवी असते, कोणाला आकार लहान हवा असतो. आकार लिटरमध्ये मोजायचा आणि एकेक लिटर कमी करण्यासाठी जिवाचं रान करायचं, यात मलाही मजा येते. पण या ताईंचं पहिलं वाक्य होतं, "मला माझं मशीन स्वतः उघडता आलं पाहिजे."

त्या ध्वनिसंपादन करतात. जन्मापासून दृष्टी नाही. सगळं काम स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं. रॅम वाढवायची, ड्राइव्ह बदलायची, धूळ काढायची, प्रत्येक वेळी कोणीतरी मोकळं व्हायची वाट बघावी लागते, याचा त्यांना मनापासून वैताग होता. दुसरी अट शांततेची. ज्या खोलीत कान लावून काम करायचं तिथे पंख्याची घरघर चालणार नाही.

मी एरवी ग्राहकाला त्रिमितीय चित्र पाठवतो, तो दोन बदल सांगतो आणि पत्रा कापायला जातो. इथे चित्राचा काही उपयोग नव्हता. म्हणून सगळी रचना शब्दांत लिहून पाठवली: कुठली बाजू वर, कुठल्या कडेपासून किती मिलिमीटरवर काय, झाकण कुठल्या दिशेने सरकतं. हे लिहिताना माझीच पंचाईत झाली, कारण 'इथे थोडी जागा' असं चित्रात खपून जातं, वाक्यात नाही. मग पुठ्ठ्याचा अगदी खऱ्या मापाचा सांगाडा केला, त्यात एक जुना बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड), जुना पॉवर सप्लाय आणि वायरी बसवल्या आणि तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. तो दिवस मी विसरणार नाही.

त्यांनी आधी दोन्ही तळवे वरून फिरवले, मग चारही कडा, मग झाकण काढून हात आत. काही न बोलता बराच वेळ. माझ्या यादीत पहिला मुद्दा ब्रेल होता. प्रत्येक पोर्टखाली, म्हणजे वायर खोचायच्या जागेखाली, ब्रेल अक्षरं उठवायची, असं मी ठरवून आलो होतो. ठिपक्यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर, उंची अर्धा मिलिमीटर, सगळं काढून ठेवलेलं. त्या म्हणाल्या, "अक्षरं वाचायला बोट थांबवावं लागतं. एका हातात वायर धरलेली असताना मी वाचत बसणार नाही. खूण द्या. एक रेघ, दोन रेघा, एक खळगा." ब्रेल फक्त मागच्या बाजूला राहिलं, आतल्या भागांची आणि बदलल्याच्या तारखांची पट्टी चिकटवायला.

ध्वनीच्या गोल जॅकांपाशी त्या थांबल्या. हिरवा म्हणजे आवाज बाहेर, गुलाबी म्हणजे मायक्रोफोन, निळा म्हणजे लाइन इन, हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ मार्गदर्शिकेने रूढ केले. तिन्ही भोकं बोटाला मात्र सारखीच, प्रत्येकी साडेतीन मिलिमीटरची. रंगाशिवाय फरकच ठेवलेला नाही. आम्ही हे जॅक मागे तसेच ठेवले आणि पुढच्या पट्टीवर वेगळे घेतले. तिथे हेडफोनच्या भोकाभोवती उठावाची कडी आहे, मायक्रोफोनभोवती काही नाही.

यूएसबीची गोष्ट उलटी. त्याच्या प्लगच्या वरच्या अंगाला त्रिशूळासारखं चिन्ह उठवलेलं असतं. ते अंगठ्याखाली आलं की प्लग सरळ. पण उभ्या टॉवरमध्ये बोर्ड उभा असतो, त्यामुळे मागचे पोर्ट नव्वद अंशांत वळतात, आणि पुढच्या पट्टीवर डिझायनरला दिसायला जसं बरं वाटेल तसे ते लावलेले असतात. ताईंनी सांगितलं, "पुढचं मागचं सगळं एकाच बाजूने जाऊ दे, म्हणजे मला विचार करावा लागणार नाही." एवढ्या एका वाक्याने बोर्ड आडवा झाला. मायक्रो-एटीएक्स मापाचा, २४४ बाय २४४ मिलिमीटर, तळाशी सपाट. मागचे पोर्ट आडवे, पुढच्या पट्टीवरचेही तसेच. टेबलावर जागा जास्त लागते, पण झाकण वरून उचललं की सगळं थेट तळहाताखाली येतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. मॉनिटर त्या लावतसुद्धा नाहीत. त्यामुळे बोर्डाच्या सगळ्या बाजूंना बोटं आणि मनगट जाईल एवढी जागा सोडता आली.

मग पॉवर बटणाचा प्रश्न आला. बटण दाबल्यावर आत राहत नाही, दाबून सुटतं, म्हणून त्याला हात लावून मशीन चालू आहे की बंद हे कळत नाही. त्यासाठी दिवा असतो. दिव्याऐवजी काय द्यावं याचा मी बराच विचार करून आलो होतो: थरथरणारी छोटी मोटर, वगैरे. त्यांनी पुठ्ठ्याच्या झाकणावरची जाळी चाचपली आणि विचारलं, "गरम हवा इथून बाहेर येणार ना? मग बटण इथेच आणा." बटणाकडे हात गेला की बोटांवर हवा लागते, म्हणजे मशीन जागं आहे. हवा नाही, म्हणजे बंद किंवा झोपलेलं. एक वायर नाही, एक जास्तीचा भाग नाही. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ उत्तर मी क्वचित ऐकलं आहे. बटण चार सेकंद दाबलं गेलं तर मशीन धाडकन बंद होतं, म्हणून ते खळग्यात बसवलं. रीसेटचं बटण त्यांनी सरळ काढायला लावलं.

सुरू होताना सगळं ठीक आहे की नाही, हेही हल्ली बोर्डावरचे बारीक दिवे सांगतात. पूर्वी एक छोटा स्पीकर 'बीप' करायचा. बऱ्याच बोर्डांवर त्याची चार पिनांची जागा अजून असते, स्पीकर मात्र कोणी लावत नाही. आम्ही लावला. विंडोज सुरू होऊन स्क्रीन रीडर बोलेपर्यंतचा जो मुका वेळ असतो, त्यात ती एक बीप त्यांना हवी होती. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या, पडद्यावर स्क्रीन रीडर चालत नाही, ही या क्षेत्रातली खरंच लाजिरवाणी उणीव आहे. बटणापाशी हवा लागत राहावी म्हणून पंखा कमी तापमानालाही थांबायचा नाही, ही तिथली सेटिंग मलाच करून, प्रोफाइल म्हणून जतन करून द्यावी लागली.

उठताना त्यांनी माझ्या पेटीतले स्क्रू मागितले. कॅबिनेटमध्ये दोन जातींचे स्क्रू एकमेकांत मिसळतात: एम३, ज्याचे आटे अर्ध्या मिलिमीटरवर असतात, आणि ६-३२, ज्याचे इंचाला ३२, म्हणजे जवळजवळ ०.८ मिलिमीटरवर. डोक्याकडून बघून मीही कधी कधी दोनदा तपासतो. त्यांनी एकेक स्क्रूवरून नख ओढलं आणि मूठभर स्क्रूंचे दोन ढीग केले. एकही चुकला नाही. तरीही मी तिथल्या तिथे ठरवलं की या कॅबिनेटमध्ये एकाच जातीचे स्क्रू असतील, आणि झाकणाला हाताने फिरवायचे, मोठ्या खरखरीत डोक्याचे.

बनवण्याचं काम त्यानंतर सरळ होतं, दोन गोष्टी सोडल्या तर. पहिली कडा. लेझरने कापलेल्या पत्र्याला एका अंगाला बर, म्हणजे बोटाला लागणारी खरखरीत धार, राहते. कानस मारली की ती जाते, पण कड कडच राहते, आणि इथे आतली प्रत्येक कड बोटाखालून जाणार होती. म्हणून सांगाडा एक मिलिमीटर स्टीलचा घेतला आणि जिथे जिथे हात पोचतो तिथली कड आत दुमडून घेतली. रबरी पट्टी सोपी होती, पण ती कधीतरी सुटतेच. बाहेरचं आवरण ॲल्युमिनियमचं, ५०५२ जातीचं. ६०६१ जास्त कडक असतं, पण आवळ वाकवलं की वळणावर तडकतं.

दुसरी गोष्ट रंगाची. पावडर कोटिंगचा (भुकटी चढवून भाजलेल्या रंगाचा) दाणेदार पोत मला नेहमी आवडतो, त्यावर ओरखडे दिसत नाहीत. ताईंना दोन नमुने दिले. दाणेदार तुकड्यावर बोट ठेवताच त्या म्हणाल्या, "यात तुमच्या खुणा बुडून जातील." खरं होतं. उठावाची रेघ दाण्यांत हरवत होती. गुळगुळीत लेप घेतला, आणि लेपाचा थर चढून खुणा बोथट होऊ नयेत म्हणून रेघा आधीच थोड्या जास्त उठवल्या. बोर्डाचे स्टँडऑफ, म्हणजे ज्यांवर बोर्ड बसतो ते धातूचे छोटे खुंट, जिथे पत्र्याला टेकतात तिथे लेप चढू दिला नाही. अर्थिंगला धातूला धातूच लागायला हवा.

जोडणी त्यांनी स्वतः केली. प्रोसेसर मी बसवला, कारण सॉकेटच्या पिनांना बोट लागणं परवडणारं नाही. बाकी सगळं त्यांच्या हातचं. रॅमची खाच मध्यभागी नसते, ती अंगठ्याने शोधून त्यांनी पट्टी पहिल्या झटक्यात सरळ बसवली. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला जुळी. पण पहिली बहुधा चार-चार अशी दुभंगते, दुसरी सहा-दोन अशी. त्यांनी दोन्ही टोकं चिमटीत धरून जरा वाकवली आणि हवी ती निवडली. १४० मिलिमीटरचा पंखा रबराच्या खुंट्यांवर टांगला, १२४.५ मिलिमीटरवरच्या चार भोकांत; सावकाश फिरताना तो हाताला कळतो, कानाला कळत नाही. बीप आली, स्क्रीन रीडर बोलू लागला, आणि त्यांनी माझ्याशी काही न बोलता मशीन बंद केलं, सगळं पुन्हा उलगडलं आणि माझी मदत न घेता परत जोडलं.

अडलं ते एकाच ठिकाणी. एम.२ ड्राइव्हला, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या ड्राइव्हला, धरून ठेवणारा एम२चा स्क्रू इतका बारीक असतो की तो चिमटीत राहत नाही. दोन्ही वेळा तो निसटला, दोन्ही वेळा लोहचुंबकाने शोधावा लागला. काही बोर्डांवर त्याच्या जागी फिरवायची प्लास्टिकची खिटी असते. त्यांच्या एका मित्रासाठी असंच दुसरं कॅबिनेट बनवायला घेतलं आहे, तो बोर्ड मी खिटी बघूनच निवडला.