तुम्ही विचारलंत म्हणून: शेवंतीच्या वाट्याची रात्र

"काकू, तुमच्या शेवंतीला काय टाकता?" दिवाळी सरली की आमच्या फाटकाशी थांबून कोणी ना कोणी हे विचारतंच. बरेचदा त्यांच्याकडचं रोप माझ्याच फुटव्यातून नेलेलं असतं. शेणखत तेच, निंबोळी पेंड तीच. रोप गुडघ्याएवढं हिरवंगार, पण कळीचा पत्ता नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मी तिला अंधार देते.

मलाही हे उशिराच कळलं. चार वर्षांपूर्वी आमच्या फाटकासमोर पांढरा लख्ख दिवा लागला. गल्लीत उजेड झाला, सगळ्यांना बरं वाटलं. त्या वर्षी फाटकाजवळच्या पाच कुंड्या डिसेंबर संपेस्तोवर हिरव्याच राहिल्या. आणि जागा नाही म्हणून मागे मोरीजवळ सारलेल्या दोन कुंड्यांवर पान दिसेना इतकी पिवळी फुलं. कोडं सुटलं ते फाटकाजवळच्याच एका कुंडीने. फाटकाच्या खांबाची सावली तिच्या दोन फांद्यांवर पडायची. त्या दोन फांद्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या, उजेडातल्या फांद्यांवर एकही नाही. मी किती तरी वेळ तिथे उकिडवी बसून बघत होते.

शेवंती थंडीपेक्षा रात्र मोजते. नागपुरात जूनमध्ये दिवस 13 तासांहून मोठा असतो, डिसेंबरात 11 तासांच्याही जरा आत येतो. 23 सप्टेंबरच्या सुमारास रात्र दिवसाला गाठते आणि मग लांबतच जाते. ही लांब, सलग रात्र मिळाली की पानं शेंड्याला निरोप धाडतात आणि तिथे पानांऐवजी कळ्या धरतात. मधेच दिवा लागला की रात्रीचे दोन तुकडे होतात आणि झाडाला अजून उन्हाळाच वाटतो. झाडाचं फुलणं दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं, हे 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघा शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. फुलशेती करणारे तर रात्र तोडणारा दिवा मुद्दाम वापरतात. फूल लांबवायचं असलं की रात्री शेतात बल्ब लावतात.

बाकीची कामं नेहमीचीच. जुलै-ऑगस्टात शेंडे खुडायचे म्हणजे रोप पसरतं. पोळ्यानंतर मात्र मी कात्री लावत नाही, कारण तेव्हा खुडलेला शेंडा म्हणजे गेलेली कळी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत रेती हवीच. ऑक्टोबरच्या उन्हात रोप दुपारी मान टाकतं, ते बघून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी बोट खुपसून बघा, ओल असली तर ते आपणहून सावरतं.

दुसरा प्रश्न पानांचा. परदेशातल्या मुलांकडे जाऊन आलेले विचारतात, आपल्याकडे शरदात पानं लाल का होत नाहीत? आपली झाडं पानं टाकतात ती शिशिरात, उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा देशी बदामाचं पान बघा, देठापासून टोकापर्यंत तांबडं होऊन गळतं. पण लहान अंगणात बदाम कुठून लावणार? तिथे लालपत्ती, म्हणजे पॉइन्सेटिया. ती मूळची मेक्सिकोची आणि तिलाही शेवंतीसारखीच लांब रात्र लागते. तिचं लाल ते फूल नव्हे, पानंच आहेत; मधोमध मणी ओवल्यासारखी बारीक पिवळी दिसतात ती खरी फुलं. पहिलं लाल पान येतं तेव्हा शिरांजवळ हिरवं राहिलेलं असतं, जणू रंग अजून पोचायचाय. मला पूर्ण लाल झालेल्या झाडापेक्षा ते अर्धं पान जास्त आवडतं.

तेव्हा खत बदलू नका. आज रात्री जेवणं झाल्यावर कुंडीजवळ पेपर घेऊन उभे राहा. अक्षरं वाचता आली, तर कुंडी उचला आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवा.